एका डोहापासून सुरुवात कर

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सह्याद्रीतल्या नद्यांसाठी एक वर्ष द्यायचं आहे, तर सुरुवात काठावर झाडं लावून करावी की नदीत मासे सोडून, असं विचारलं आहेस. सध्या दोन्ही नको. एक डोह निवड आणि वर्षभर, दर महिन्याला, त्याच्याकडे जात राहा.

डोहच का, ते सांगतो. पावसाळ्यात घाटातली प्रत्येक नदी जिवंत दिसते. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. धार तुटते, पाणी फक्त डोहांत आणि कोंडींत उरतं, आणि मासे, वाम, शिंपले, खेकडे, कासवं असा सगळा संसार त्या चार-दोन डोहांच्या आसऱ्याला येतो. जूनमध्ये नदी पुन्हा जीवांनी भरते ती तिथूनच. नेमका तोच काळ पंप बसवून डोह उपसण्याचा, आणि ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारण्याचाही. ब्लीचिंगने मोठे मासे तरंगतात ते दिसतात. अंडी, पिल्लं आणि गोगलगायी मेलेल्या मात्र कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

जागा निवडताना वरचं धरण आधी नकाशावर शोध. कोयना मूळची पूर्ववाहिनी, पण शिवसागर या तिच्या धरणाच्या जलाशयातलं बरंच पाणी बोगद्यांतून घाटाखाली पोफळीच्या वीजघराकडे उतरतं आणि वाशिष्ठीला मिळतं. त्यामुळे वाशिष्ठीची धार पावसाइतकीच वीजनिर्मितीच्या वेळेवर चालते. सकाळी मोजलेल्या धारेचा आकडा संध्याकाळी जुळणार नाही. तू धरणाच्या वरचा, गावाच्या हद्दीतला ओढा घे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

धार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सरळ, एकसारखा १० मीटरचा पट्टा घे. अर्धी भरलेली बाटली किंवा संत्रं पट्ट्याच्या थोडं वर सोड, म्हणजे पट्ट्यात शिरेपर्यंत ते पाण्याच्या वेगाला लागेल. पाच वेळा वेळ मोजून सरासरी काढ. रुंदीत पाच-सहा ठिकाणी खोली घे. समज, रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर आणि १० मीटरला २५ सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.४ मीटर आला, पण तो पृष्ठभागाचा. दगडगोट्यांच्या तळाशी पाणी अडखळतं, म्हणून त्याला ०.८ ने गुण. ४ × ०.३ × ०.३२, म्हणजे सेकंदाला सुमारे ३८४ लिटर. हा ०.८ सगळेच विसरतात आणि नदी कागदावर फुगते.

विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर पहाटे, सूर्य उगवायच्या आत. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्रभर तेच तो वापरतं. दुपारी बारा वाजता उत्तम आकडा देणारा डोह पहाटे गुदमरलेला असू शकतो. शिवाय २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. काठावरचं करंज, उंबर, पाणजांभूळ तुटलं, सावली गेली की डोहाचा श्वास कसा आखडतो, ते यावरून कळेल.

मग डोहाच्या वरच्या खळाळात जा. मुठीएवढे ते नारळाएवढे वीस दगड उचल, खालची बाजू बघ, आणि प्रत्येक दगड होता तसाच परत ठेव. शेपटीला तीन धागे असलेल्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या, वाळूच्या कणांचं घर करून राहणाऱ्या कॅडिस कीटकाच्या अळ्या भरपूर मिळाल्या तर पाणी चांगलं. नुसत्या लाल अळ्या आणि काळा, वास मारणारा गाळ मिळाला तर वर कुठेतरी सांडपाणी येतंय. पाण्यातल्या सपाट खडकांवर खवले, काटे आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा दिसली तर ती बहुधा पाणमांजराची. नोंद कर, पण जागा जाहीर करू नकोस.

पहिल्या पावसाचे दिवस सोडू नकोस. चढणीचे मासे तेव्हा अंडी घालायला वरच्या ओढ्यांत आणि शेतांत शिरतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, मेअखेर काढलेले असतील तर वाट मोकळी. राहिले तर मासे बंधाऱ्याखाली अडकून जाळ्यात जातात. बरगे वेळेत काढायला लावणं हे फुकटातलं आणि मोठ्या फळाचं काम आहे. शिंपल्यांचाही जीव त्यात आहे, कारण त्यांची पिल्लं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासा वर गेला नाही तर शिंपलाही जात नाही.

खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबी येईल, तेव्हा गोटे आणि वाळू उपसू देऊ नका. साचलेला गाळ वेगळा आणि नदीचा तळ वेगळा. खळाळातल्या गोट्यांतच अंडी टिकतात, आणि खडक धरून बसणारी शेरणीची झुडपं एकदा उपटली की पुराचा मार थेट काठाला बसतो.

मासे सोडण्याबद्दल माझं मत कडक आहे. लोणावळ्याला वाढवलेलं दख्खनी महाशीर या मोठ्या नदीमाशाचं बीज कावेरीत सोडलं गेलं, ते चांगल्या हेतूनेच. तिथे ते रुजलं, आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे पडत गेला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. तिलापिया किंवा आफ्रिकन मागूर हे परदेशी मासे सोडण्याचा तर विषयच नको.

गावाला जोडून घे. महाडजवळ वाळण कोंडीतले महाशीर वरदायिनी देवीचे म्हणून कुणी मारत नाही; वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहात मंदिरामुळे तेच घडलं. तुझ्या डोहालाही एखादं नाव, एखादी बंदी असेल, म्हाताऱ्या माणसांना विचार. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असते. ती बहुतेकदा कपाटात पडलेली असते. तुझी माशांची यादी, गावातल्या नावांसह, त्या वहीत चढव. एकाच माशाला दोन गावांत दोन नावं असतात, म्हणून शेजारी फोटो लाव.

शेवटचं, पण विसरू नकोस. एकट्याने जायचं नाही. घाटमाथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहायला लागल्या, की मोजणी अर्धी टाकून काठावर ये. वही दप्तरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव आणि पेन्सिलने लिही; शाई भिजली की महिना वाया जातो.