वाचकांचे प्रश्न : दोन ड्राइव्ह, वेग हवा की भरवसा?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये दोन एम.२ स्लॉट (ड्राइव्ह बसवण्याच्या खाचा) असून त्यांत प्रत्येकी १ टीबीचे दोन एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान एसएसडी) बसवलेले आहेत. मी व्हिडिओ संपादनाचे काम करतो. हे दोन ड्राइव्ह ‘रेड ०’ पद्धतीने जोडल्यास वेग दुप्पट होतो, असे एका मित्राचे म्हणणे आहे. दुसरा मित्र ‘रेड १’ करून माहिती सुरक्षित ठेवण्याचा सल्ला देतो. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोन्ही मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण आपल्या कामापुरते पाहिले तर दोघांचाही सल्ला अपुरा आहे. १९८८ साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या संशोधकांनी ‘रेड’ची कल्पना मांडली, ती अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एका महागड्या मोठ्या डिस्कचे काम करून घेण्यासाठी, आणि डिस्कची संख्या वाढली की त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते, म्हणून बिघडलेल्या डिस्कवरची माहिती परत मिळवून देणाऱ्या जादा नोंदी ठेवण्यावर त्यांचा सारा भर होता. रेड ० मध्ये नेमक्या या जादा नोंदीच नसतात. तेथे प्रत्येक फाइलचे तुकडे करून ते दोन्ही ड्राइव्हवर आळीपाळीने लिहिले जातात, त्यामुळे एक ड्राइव्ह गेला की दुसऱ्यावर उरलेल्या तुकड्यांचा उपयोग जवळजवळ शून्य होतो. उदाहरणादाखल, एक ड्राइव्ह वर्षभरात बिघडण्याची शक्यता २ टक्के धरली, तर सर्व माहिती गमावण्याची शक्यता ३.९६ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट होते.

आता वेगाचे पाहू. पीसीआयई ३.० (ड्राइव्हला संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाची एक आवृत्ती) वरचा चांगला ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ३,५०० एमबी वाचतो. २० जीबीची फाइल सलग वाचायला त्याला सहा सेकंद लागतात, रेड ० मध्ये फार तर तीन. तेही फाइल आधीच लॅपटॉपवर असेल तर, कारण कॅमेऱ्याच्या कार्डावरून चित्रीकरण उतरवताना वेग कार्डाचाच राहणार. संगणक सुरू होणे किंवा प्रोग्राम उघडणे यांत असंख्य लहान लहान नोंदी वाचाव्या लागतात आणि तेथे प्रत्येक नोंद मिळेपर्यंतचा विलंब महत्त्वाचा ठरतो. ड्राइव्ह दोन केल्याने तो कमी होत नाही. शिवाय काही लॅपटॉपमध्ये दोन्ही स्लॉट चिपसेटमार्गे (प्रोसेसर आणि इतर भाग यांना जोडणाऱ्या चिपमार्गे) एकाच दुव्यावरून प्रोसेसरपर्यंत पोहोचतात. त्या दुव्याची क्षमता जुन्या रचनांत पीसीआयई ३.० च्या चार लेनइतकी (समांतर मार्गिकांइतकी), सेकंदाला सुमारे ४ जीबी, असते. अशा यंत्रावर रेड ० केल्यास जोखीम जवळपास दुप्पट आणि वेगातला लाभ नाममात्र, असा व्यवहार होतो.

रेड १ मध्ये दोन्ही ड्राइव्हवर एकच मजकूर राहतो. जागा २ टीबीऐवजी १ टीबीच मिळते, परंतु एक ड्राइव्ह बिघडला तरी काम थांबत नाही. ज्यांना ऐन मुदतीच्या दिवशी यंत्र बंद पडणे परवडत नाही, त्यांनी ते जरूर करावे. मात्र चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्हीकडून पुसली जाते, आणि लॅपटॉप हातातून पडला, चोरीला गेला किंवा त्यावर पाणी सांडले तर दोन्ही ड्राइव्ह एकाच पिशवीतले सोबती असतात. (घरातल्या संगणकाहून लॅपटॉपच्या वाट्याला हे प्रसंग अधिक येतात, हे वेगळे सांगायला नकोच.) म्हणून रेड १ ला बॅकअप समजू नये.

आपल्यासारख्यांनी दोन्ही ड्राइव्ह स्वतंत्रच ठेवावेत, असे माझे मत आहे. एकावर कार्यप्रणाली आणि प्रोग्राम, दुसऱ्यावर चालू प्रकल्प, आणि रोजचे काम संपल्यावर प्रकल्पाची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर, जो लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही. रेड ० करायचेच असेल, तर त्यावर केवळ पुन्हा तयार करता येतील अशा तात्पुरत्या फाइली ठेवाव्यात.

प्रश्न : आज स्वतंत्र ठेवलेले ड्राइव्ह पुढे रेडमध्ये जोडता येतील का?

उत्तर : येतील, पण रेड ० करताना दोन्ही ड्राइव्हवरील मजकूर सहसा पुसला जातो. तसेच विंडोज आधीच बसवलेली असताना बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) साठवणुकीची पद्धत बदलल्यास ती सुरू होण्यास नकार देऊ शकते. तेव्हा आधी बॅकअप घ्यावा, तो उघडून तपासावा आणि मगच बायोसला हात लावावा.