डोक्यातली कामं कागदावर कशी उतरवायची?

प्रश्न : नाशिकच्या सिडकोत राहते. घरूनच अंबडच्या काही कारखान्यांचं जीएसटीचं काम बघते. लॅपटॉप उघडला की सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची स्कॉलरशिप, संपत आलेला सिलिंडर, सगळं एकदम आठवतं. ध्यान करून पाहिलं, जमलं नाही. रिटर्न भरायची २० तारीख जवळ आली की रडूच येतं. मन शांत कसं करू?

उत्तर : ताई, ध्यान जमलं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. ही सगळी कामं खरी आहेत, त्यामुळे मन ती सोडणार नाहीच. मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की अर्धवट कामाचे विचार हातातल्या वाचनात लुडबुडतात. पण ते काम कधी आणि कसं करायचं हे पक्कं ठरलं की काम व्हायच्या आधीच लुडबूड थांबते.

तेव्हा बसण्याआधी दहा मिनिटं कागद-पेन घ्या. मोबाईलवर लिहू नका, तिथे व्हॉट्सअ‍ॅप वाटच बघत असतं. डोक्यात येईल ते क्रम न लावता लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे पहिली कृती आणि तिची वेळ टाका. बहुतेकांचं इथेच चुकतं. नुसतं ‘ऑपरेशन’ लिहिलं तर ते पुन्हा डोक्यात येणारच. ‘गुरुवारी सकाळी ११ ला हॉस्पिटलला फोन : खर्चाचा अंदाज, कॅशलेस आहे का’ असं लिहिलं की गुरुवारपर्यंत मन निश्चिंत. सिलिंडरसारखं दोन मिनिटांचं काम मात्र लिहीत बसू नका, नंबर लावून मोकळ्या व्हा. आणि ज्याला आज कृतीच नाही, उदाहरणार्थ मुलीच्या स्कॉलरशिपचा निकाल, त्यापुढे ‘माझ्या हातात नाही’ असं स्पष्ट लिहा.

ऑफिसच्या कामालाही हेच लागू. ‘जीएसटी’ हे काम नव्हे. ‘एका कारखान्याचं खरेदी रजिस्टर टू-बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारा तक्ता) जुळवणे, न जुळणारी बिलं वेगळी काढणे’ हे काम. टू-बी १४ तारखेला येतं, थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, २० ला भरायचं. म्हणजे मधल्या पाच दिवसांत रोज एक-दोन पार्ट्या, म्हणजे कारखाने, धरा. ४५ मिनिटं एकच पार्टी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मध्येच काही आठवलं तर शेजारच्या कागदावर दोन शब्द लिहून पुन्हा रजिस्टरकडे.

बेल वाजली, उठावं लागलं, तर उठण्याआधी एक ओळ लिहा : ‘बिल नं. ११२ पर्यंत झालं, पुढे ११३ चा जीएसटी नंबर तपासणे.’ काम अर्धवट टाकून उठलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकतो, असं सोफी लरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं. एवढी ओळ असली की परत येऊन ‘कुठे होते मी?’ हे शोधत बसावं लागत नाही.

पहिले दोन-तीन दिवस यादी लांबलचक होईल. घाबरू नका, इतके दिवस ती डोक्यातच होती. पण रडू येणं दोन आठवड्यांनंतरही टिकलं, झोप-भूक बिघडली, तर यादीवर विसंबू नका. फॅमिली डॉक्टरांना भेटा. आणि ऑपरेशनच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये कोण थांबणार, हे घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या. तो सगळा भार तुम्ही एकटीने घ्यायचा नाही.