११ व्या वर्षी गोव्याची घाई नको

दादा, ११ वर्षांच्या मुलाला फुटबॉल शिकायला गोव्याला पाठवू का, असं विचारलंत. मुलात चमक आहे, पण एवढ्यात गोव्यातल्या अकादमीच्या वसतिगृहात ठेवू नका. १३-१४ पर्यंत घरीच राहू दे. आता पायाला चेंडू जास्तीत जास्त लागायला हवा: ४ नंबरचा चेंडू, ५-५ जणांचे सामने, डाव्या पायालाही तेवढंच काम. ओहोटीच्या घट्ट वाळूवर अनवाणी खेळू दे. जांभ्याच्या कडक मैदानावर मात्र आखूड रबरी स्टडचे (तळाला खुंट असलेले) बूट. लांब स्टडनी टाचा दुखतात.

या चुका टाळा:
- उंच आहे म्हणून कायम बचावात उभा करणं.
- वय कमी दाखवणं. मनगटाच्या एक्स-रेत पकडतात.
- ट्रायलच्या नावाखाली हजारो रुपये भरणं.

सुब्रतो कप ही शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा शाळेच्या संघातूनच खेळता येते, म्हणून क्रीडाशिक्षकांना पावसाळ्याआधीच भेटा.