बिल 'सेंट' दिसतं, पण गिऱ्हाइकाला मिळत नाही

प्रश्न : लालबागला आमचा छापखाना आहे. गेल्या महिन्यापासून बिलिंग सॉफ्टवेअर आमच्याच डोमेनच्या पत्त्यावरून बिलं ईमेल करतं. सॉफ्टवेअरमध्ये 'सेंट' दिसतं, परत काही येत नाही, तरी जीमेलवाल्या गिऱ्हाइकांना बिल मिळत नाही. आम्ही हाताने पाठवलेली मेल मात्र पोहोचते. काय करावं?

उत्तर : हाताने पाठवलेली पोहोचते, यातच निम्मं उत्तर आहे. पत्ता एकच, पण बिलं सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवरून निघतात आणि त्या सर्व्हरला तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी बहुधा दिलेली नाही. 'सेंट' म्हणजे फक्त इथून निघाली. नाकारलेल्या मेलचा निरोप 'रिटर्न-पाथ'वर, म्हणजे मेलमध्ये परतीसाठी दिलेल्या पत्त्यावर जातो. तो पत्ता कंपनीचा असेल, तर तुम्हाला काहीच कळत नाही. म्हणून आधी त्यांच्याकडून एका न पोहोचलेल्या बिलाचा लॉग (सर्व्हरवरची पाठवणीची नोंद) मागून घ्या.

मग एक बिल स्वतःच्या जीमेलवर पाठवा. स्पॅममध्ये सापडलं तर कॉम्प्युटरवर ते उघडून तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ (तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी), डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) आणि डीमार्क (यांपैकी एक तरी तुमच्या डोमेनशी जुळतं का आणि न जुळल्यास मेलचं काय करायचं, याचा नियम) यांच्यापुढे 'पास' की 'फेल' ते दिसेल. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी मागतं. रोज ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

आता डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी जिथे ठेवतात तिथे जा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जुनी एसपीएफ नोंद तशीच ठेवून कंपनीने दिलेली दुसरी खाली चिकटवणं. दोन नोंदी झाल्या की दोन्ही बाद, आणि आज नीट जाणारी मेलही अडकू शकते. नोंद एकच ठेवा. कंपनीचा 'इन्क्लूड' (त्यांच्या सर्व्हरना परवानगी देणारा भाग) त्याच ओळीत, शेवटच्या 'ऑल'च्या आधी घाला. या ओळीमुळे होणाऱ्या डीएनएस चौकश्या १०च्या वर जाता कामा नयेत.

तरी खरी भिस्त डीकेआयएमवर ठेवा. रिटर्न-पाथ कंपनीचा असेल तर एसपीएफ 'पास' दिसूनही डीमार्कला ते चालत नाही, कारण ते डोमेन तुमच्या पत्त्याच्या डोमेनशी जुळत नाही. कंपनीकडून डीकेआयएमची नोंद घेऊन डीएनएसमध्ये टाका आणि सही तुमच्याच डोमेनची होते ना, हे 'शो ओरिजिनल'मध्ये पाहा. डीमार्क नसेल तर 'नन' (नापास मेलही अडवू नका) धोरणाने सुरुवात करा. लगेच 'रिजेक्ट' (नापास मेल नाकारा) लावू नका.

तोवर बिलाची पीडीएफ हाताने पाठवत राहा. दुरुस्तीनंतर जुनी बिलं आपोआप पोहोचणार नाहीत, महिन्याभराची सगळी पुन्हा पाठवावी लागतील.