बोटं सोडवायची घाई नको, आधी दहा फोडू द्या

मूल दुसरीत गेलं की बरेच पालक एकच काळजी घेऊन येतात. पाढे पाठ आहेत, शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो, पण आठ आणि पाच किती विचारलं की बोटं काढतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या आईचंही हेच म्हणणं होतं. मुलगा साडेसात वर्षांचा, मराठी शाळेत. नाव बदलून त्याला सोहम म्हणू. वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला, म्हणून सोबत आजी आल्या होत्या.

"अजून बोटंच मोजूलालाय बघा, मॅडम," आजी म्हणाल्या. आईची भीती वेगळी होती. शाळेत मराठी, गल्लीत पोरांबरोबर कन्नड, ट्यूशनला इंग्रजी. आठ, एंटु, एट करताना पोराचा गोंधळ होत असेल का? माध्यम बदलायचं का, यावर घरी बोलणं चालू होतं.

मी सोहमला आठ आणि पाच विचारले. बोटं मोजून तो म्हणाला, बारा. सात आणि चार? दहा. नऊ आणि तीन? अकरा. प्रत्येक उत्तर बरोब्बर एकाने कमी. अशा चुका पाहून मला बरं वाटतं, कारण त्यातून मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते दिसतं. तो पहिल्या बोटावरच 'आठ' म्हणत होता, मग नऊ, दहा, अकरा, बारा. पाच बोटं संपली, उत्तर बारा. गोंधळ भाषेचा असता तर उत्तरं अशी एका शिस्तीत चुकली नसती.

मग पाच चिंचोके त्याच्यापुढे ठेवले, दोन माझ्या मुठीत घेतले आणि विचारलं, मुठीत किती? त्याला सांगता येईना. माझी मूठ उघडून त्याने मोजले. आकडे त्याला माळेतल्या मण्यांसारखे एकामागून एक येत होते, पण पाचाच्या पोटात तीन आणि दोन असतात हे त्याला दिसत नव्हतं. अशा मुलाची बोटं बंद केली तर त्याचा एकुलता आधार जातो आणि मूल अंदाजे उत्तरं ठोकायला लागतं. म्हणून बोटांवरून रागवायचं नाही, हे मी आईला आधी सांगितलं.

घरचं काम आजींनी अंगावर घेतलं. सुरुवातीला फक्त पाच चिंचोके, कागद-पेन्सिल नाही, अधिकचं चिन्ह नाही. संध्याकाळी सोप्यात बसून आजी काही मुठीत लपवायच्या, उरलेले दाखवायच्या आणि विचारायच्या, "चोरीला किती गेले?" पाच पक्के झाल्यावर सहा, सात असं करत दहापर्यंत. दहावर भरपूर रेंगाळा, असं मी मुद्दाम सांगितलं होतं. नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच या जोड्यांवर पुढची सगळी बेरीज उभी राहते. एकदा सोहमनेच आजींना फसवलं. रिकामी मूठ पुढे केली, समोर दहाच्या दहा चिंचोके! "दहा आणि शून्य," तो म्हणाला. ही जोडी त्याला कुणी शिकवली नव्हती.

त्यानंतर चित्र. वर एका गोलात दहा, खाली दोन गोलांत सात आणि तीन, मध्ये रेघा. शिक्षक याला नंबर बाँड म्हणतात. सिंगापूरच्या प्राथमिक गणितात 1980 च्या दशकापासून हीच पद्धत आहे. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या विचारातून आलेला. घरी बहुधा तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात होते, तिथेच मुलं अडतात.

आता आठ आणि पाच. आठाला दहा व्हायला दोन हवेत. ते पाचातून घ्यायचे, उरले तीन. दहा आणि तीन, तेरा. हे सोहमने स्वतः चिंचोके सरकवून केलं तेव्हा आईचा चेहरा खुलला. घाईत असला की तो अजूनही बोटं काढतो. काढू दे.

माध्यमाबद्दल मी स्पष्ट सांगितलं, एवढ्यासाठी बदलू नका. हा खेळ ज्या भाषेत मूल घरी बोलतं त्याच भाषेत होऊ द्या. जोड्या एकदा कळल्या की त्यांची कन्नड, इंग्रजी नावं नंतर बसतात.

मात्र काही महिने असं खेळूनही आठ वर्षांच्या मुलाला पाच मोठे की तीन हे सांगता येत नसेल, किंवा चार वस्तू पुन्हा पुन्हा मोजाव्या लागत असतील, तर रीतसर तपासणी करून घ्यावी. आधी नजर आणि कान, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. आपल्या भागातून त्यासाठी धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत जाता येतं.

परवा आईने विचारलं, वजाबाकी कधी सुरू करायची? मी म्हटलं, आजींनी ती कधीच सुरू केली आहे. दहातले सात दिसतात, तर चोरीला गेले तीन, ही वजाबाकीच. आता तेरातून आठ काढायला सांगा: दहातून आठ गेले, राहिले दोन, त्यात बाजूचे तीन मिळवले की पाच.