'हुतात्मा' आणि 'शहीद' एकच का? ही कल्पना मुळात आली कुठून?

सोलापुरात चौकाचं नाव 'चार हुतात्मा', बातम्यांत मात्र 'शहीद', मग फरक काय, असं तुम्ही विचारलंय. आजच्या वापरात फरक जवळजवळ उरलेला नाही. पण एका शब्दाच्या मुळाशी साक्षीदार आहे, दुसऱ्याच्या मुळाशी होमकुंड.

अरबी श-ह-द या धातूचा अर्थ समक्ष पाहणं, साक्ष देणं. 'शहादत' म्हणजे साक्ष आणि हौतात्म्यही. इंग्रजी 'मार्टर' ज्या ग्रीक शब्दातून आला, त्याचाही मूळ अर्थ साक्षीदारच. रोमन अमलात ख्रिस्ती माणसाला अधिकाऱ्यापुढे उभं करत: श्रद्धा नाकार, आमच्या देवांना आहुती दे, सुटशील. तो नकार हीच त्याची साक्ष, आणि शिक्षा मृत्यू. दुसऱ्या शतकात स्मर्नाच्या बिशप पॉलिकार्पला असंच मारलं. सुटकेची वाट समोर उघडी असणं हा या कल्पनेचा गाभा आहे. अपघातात किंवा दंगलीत सापडून गेलेल्याला म्हणूनच 'बळी' म्हणावं. त्यात त्याचा अपमान नाही.

आता 'हुतात्मा'. हु म्हणजे अग्नीत अर्पण करणं. हवन, होम, आहुती याच धातूचे. हुत + आत्मा, बहुव्रीही समास: ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय सहसा सावरकरांना दिलं जातं. त्याआधी आपल्याकडे होती ती वीरगती. गीतेत 'हतो वा प्राप्स्यसि स्वर्गम्' आहे (२.३७), आणि जुन्या देवळांच्या आवारातल्या वीरगळांवर (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर) तेच कोरलेलं दिसतं: खाली लढाई किंवा गुरं सोडवण्याचा प्रसंग, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. तो मान रणात पडलेल्याचा. तुरुंगात फासावर गेलेला माणूस त्या चौकटीत बसत नाही. नव्या शब्दाची गरज तिथूनच पडली असावी, असं मला वाटतं.

लिहिताना दोन चुका फार होतात. 'हु' ऱ्हस्वच हवा. दीर्घ 'हूत' म्हणजे बोलावलेला ('अनाहूत पाहुणा' आठवा). आणि भाववाचक नाम 'हौतात्म्य', 'हुतात्म्य' नव्हे.

सोलापुरातले चौघे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे १९३० च्या उठावानंतर शहरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. चौघांनाही आपण 'हुतात्मा'च म्हणतो, आणि ते अर्थानेही चोख बसतं: 'कुर्बान' हा अरबी शब्द, आणि त्याचा अर्थ देवाला वाहिलेलं अर्पण.