गिटार आणि युकुलेलीसाठी ट्यूनर

प्रश्न : घरात एक अकूस्टिक गिटार आणि एक सोप्रानो युकुलेली आहे. दोन्हींना एकच ट्यूनर चालेल का? की मोबाइलवरचं अ‍ॅप पुरेल?

एकच चालेल, फक्त तो क्रोमॅटिक हवा. नुसत्या गिटारच्या ट्यूनरला ई, ए, डी, जी, बी, ई एवढेच सूर ठाऊक असतात. युकुलेलीच्या जी, सी, ई, ए यांपैकी सी त्यात नाहीच. त्याच्या नादी लागलात, तर सीची तार अर्धा स्वर उतरवून बीवर नेऊन ठेवाल. क्रोमॅटिक ट्यूनर बाराही स्वर ओळखतो.

शांत खोलीत अ‍ॅप उत्तम चालतं. पण ते माइकवरून ऐकतं, त्यामुळे पंखा, टीव्ही, शेजारी वाजणारं दुसरं वाद्य हे सगळं त्यात मिसळतं. वाद्याच्या टोकाला चिमट्यासारखा लावायच्या क्लिपच्या ट्यूनरमधला पायझो सेन्सर हवेतला आवाज न घेता लाकडाची कंपनं पकडतो. चारजण एकत्र वाजवत असाल तर क्लिपच घ्या. युकुलेलीचं हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असलेलं टोक, लहान असतं, तेव्हा क्लिप हलकी आणि आटोपशीर बघा. ती खुंट्यांना अडायला नको.

खोक्यावरच्या अचूकतेच्या आकड्याला फार भुलू नका. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ±१ सेंट रोजच्या वादनाला भरपूर झाला. ±०.१ सेंटचा स्ट्रोब ट्यूनर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरचा सूर अचूक लागणं, बसवणाऱ्याच्या कामाचा. त्यापेक्षा स्क्रीन उन्हात दिसते का, हवी तशी वळते का, हे बघितलेलं बरं.

प्रश्न : सगळ्या तारांना हिरवा दिवा लागतो, तरी मैत्रिणीच्या गिटारशी सूर जुळत नाही. असं का?

आधी कॅलिब्रेशन, म्हणजे ट्यूनर ए हा सूर किती हर्ट्झचा धरतो ते, बघा. स्क्रीनच्या कोपऱ्यात ४४० हवं. पिशवीत बटण दाबलं जाऊन ते ४४२ झालं, की सगळं वाद्य सुमारे ८ सेंट चढतं. एकटं वाजवताना कळतही नाही, दोघं बसलात की लगेच खटकतं. ४४० असूनही खटकत असेल तर मोकळी तार आणि तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून, दोन्ही ट्यूनरवर तपासा. दोन्ही वेळा काटा मध्यावर आला नाही, तर दोष इंटोनेशनचा किंवा जुन्या तारांचा आहे.

प्रश्न : जाड ईच्या तारेवर काटा सारखा नाचतो.

या तारेचा मूळ सूर ८२.४ हर्ट्झ, आणि त्याचे उपस्वर, म्हणजे त्याच तारेत सोबत उमटणारे वरचे सूर, बरेचदा त्याच्याहून जोरकस असतात, म्हणून ट्यूनर गोंधळतो. बाकीच्या तारा तळहाताने दाबून धरा. अंगठ्याच्या मांसल भागाने, बाराव्या फ्रेटजवळ, हलकेच छेडा. जोरात छेडलेली तार पहिल्या क्षणी चढी दाखवते, म्हणून काटा स्थिरावेपर्यंत थांबा. तरी नाचला तर क्लिप दोन बोटं सरकवा. आणि तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणा. वरून खाली आणलेल्या तारेत ढील राहते आणि ती वाजवता वाजवता उतरते.

प्रश्न : युकुलेलीला नव्या तारा घातल्या. जीची तार ट्यूनर जी दाखवेपर्यंत पिळली आणि तुटली.

बहुतेक ट्यूनर स्वराचं नाव दाखवतात, सप्तक दाखवत नाहीत. पहिला जी हुकला, की माणूस पुढच्या जीच्या मागे पिळत जातो. नेहमीच्या जुळणीत जीची तार सीपेक्षा चढी पण एच्या तारेपेक्षा एकच स्वर खाली असते. ते कानाने ताडून मगच ट्यूनरकडे बघा. लो-जी तार असेल तर मात्र ती सीच्याही खाली लागते. नवी नायलॉनची तार पहिले काही दिवस ताणत राहते, रोज उतरणारच.